नकाशात नसलेल्या तीन पायऱ्या

आमच्या नाट्यगृहाचा फोनवरचा नकाशा मी केला आणि त्यात तीन पायऱ्या दाखवायला विसरलो. नकाशा चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठीच होता, हे खरं तर सांगू नये, पण सांगतो.

पहिल्याच प्रयोगाला माझी थोरली बहीण, ताई, मध्यंतरात आपल्या खुर्चीची चाकं हातानं फिरवत स्वच्छतागृहाकडे निघाली. फोन गोड आवाजात म्हणाला, "सरळ पुढे जा." पुढे पायऱ्या. व्यवस्थापक हसत म्हणाले, "अहो, तीनच तर आहेत!" ताईला नाटक अर्धवट सोडून घरी यावं लागलं.

ते "तीनच" माझ्या दातात सुपारीच्या खांडासारखं अडकलं. म्हटलं, याला सोडायचा नाही. नकाशात याच्या केबिनवरच 'स्वच्छतागृह' लिहायचं. मग मध्यंतरात अख्खं प्रेक्षागृह याच्या दारावर धडका मारील! त्या कल्पनेनं मी दोन दिवस एकटाच खुदुखुदु हसत होतो.

त्या पायऱ्या मी शेकडो वेळा चढलो असेन. पण चढणाऱ्या पायाला पायरी आठवत नाही. अडलेलं चाक मात्र तिला विसरत नाही. म्हणजे व्यवस्थापक आणि मी एकाच माळेचे मणी. पण स्वतःवर सूड कोण उगवतो?

बेत ताईला ऐकवला. ती हसली नाही.

"त्याची केबिन कुठंय रे?"

"त्याच पायऱ्या चढून उजवीकडे."

"म्हणजे त्याचं दार बडवायलाही मला वर येता येणार नाही. गाढवा, सूड घेतानाही मला खालीच ठेवलंस!"