स्थळ बंद, सोयरीक चालू

मोबाइल वाजला की मी आधी लॅपटॉपकडे धावते. इथे बंगलोरला मी लोकांच्या वेबसाइटचे सर्व्हर सांभाळते, त्यामुळे कुठला तरी सर्व्हर आडवा झाला, हेच पहिलं मनात येतं. महिन्यापूर्वी भरदुपारी असाच फोन आला. हिंगोलीहून करुणा, मिलिंददादांची लेक. "सुनंदाआत्या, जय भीम... पप्पा गेले." सर्व्हर सगळे धडधाकट होते... मीच जिन्यात बसून राहिले. अंत्यविधीला पोहोचणं काही जमलं नाही.

दादा माझे नात्याने कोणी नव्हते. हिंगोलीत त्यांची टायपिंगची शिकवणी होती. मी आठवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन तिथे आलेली बाई. मराठी टायपिंग शिकायला गेले आणि तिथेच कामाला लागले. दादांनी आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी वधू-वरांची वेबसाइट काढली होती. 'वेबसाइट' हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नसे. एकदा वर्तमानपत्रात 'संकेतस्थळ' वाचलं आणि भलतेच खूश झाले. "संकेत पोरापोरींचा, स्थळ आपलं!" म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्यात नुसतं 'स्थळ' झालं.

सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतकी नावं होती. विहारात येणाऱ्या बायका फोटो आणून देत, मी ते चढवत असे. मग पुण्याकडे नोकरीला गेलेली पोरं तिकडून बघू लागली, आणि लग्नसराईत पान उघडता उघडेना. एकाच सर्व्हरवर कितीतरी साइट दाटीवाटीने राहत होत्या, त्यातलीच आमची एक. "भाड्याच्या खोलीत वऱ्हाड उतरवलं आपण," म्हणत दादांनी वेगळा सर्व्हर घेतला. सगळं सामान तिकडे हलवायचं काम मुख्य पासवर्डासकट माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "दादा, मी आठवी. काही उलटंसुलटं झालं तर?" तर म्हणे, "सर्व्हर मार्कशीट मागून राहिला का?"

आणि झालंच. फोटो आणि माहितीच्या फोल्डरला कुलूप लावायचं राहून गेलं. जुन्या जागी ते आपोआप लागत असे. नव्या जागी आपण सांगावं लागतं, हे मला कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी औंढ्याहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. नाव न नोंदवता कुणालाही त्यांच्या लेकीचा फोटो आणि नंबर दिसत होता. लोक लेकींचे फोटो आमच्या भरवशावर देत. तो भरवसा गेला की स्थळही गेलं आणि माझं कामही. दादा ओरडतील म्हणून मी मान खाली घालून बसले... ते ओरडलेच नाहीत. आधी पान बंद केलं, मग म्हणाले, "पासवर्ड बदल. एकेक दार तपास. फोन मी करतो." नावनोंदणीच्या वहीतल्या प्रत्येक घराला त्यांनी स्वतः फोन लावला. "चूक आमची. दुरुस्त होईपर्यंत स्थळ बंद ठेवलंय."

घोळ झाला तो इथेच. दुपारी डोंगरकडा गावच्या शांताबाई दोन जावांना घेऊन हजर. दारातूनच कडाडल्या, "काहून बंद केलं स्थळ? पोरीच्या साखरपुड्याचं सामान आणून ठेवलं आमी! पोरगं पळालं का कुठं?"

"बाई, स्थळ बंद हाय, सोयरीक न्हाई!" दादा म्हणाले.

"मंग त्याचा बाप फोन काहून उचलंना?"

दादांनी त्या बापाला फोन लावला, तर तिकडून तो तावातावाने, "तुमीच म्हणले ना बंद म्हणून! आमी इकडं तोंड पाडून बसलो, अन् वरून आमालाच इचारता?" दादांनी फोन तसाच शांताबाईंच्या कानाला लावला. दोघेही आधी एकमेकांवर खेकसले, मग शांताबाई हसता हसता खालीच बसल्या. दादा संध्याकाळपर्यंत पुन्हा घराघरांत फोन लावत होते, "कंप्यूटरमधलं स्थळ बंद, लग्नं चालू!" मी रडत रडत फोल्डर तपासत होते आणि त्यातच हसू आवरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळं बंदोबस्तात सुरू झालं. नवा पासवर्ड मी कागदावर लिहून दादांपुढे सरकवला. आता ते मला परत नुसत्या टायपिंगला बसवणार, अशी मनाची तयारी केली होती. त्यांनी तो न वाचताच फाडला. "आता तुला कडी तपासल्याबिगर घास जायचा न्हाई. तुझ्याजवळच राहू दे."

पुढे नवऱ्याच्या कामामुळे इकडे आले. इथल्या कंपनीतही शिक्षण विचारलं. मी औंढ्याच्या त्या फोनपासून सगळं खरं सांगून टाकलं... आणि घेतलं त्यांनी. हिंगोलीचं स्थळ दर रविवारी मी इथूनच तपासत आले.

परवा करुणाचा पुन्हा फोन. स्थळ तिला पुढे चालवायचंय. पप्पांच्या वहीत विम्याचं, विजेचं, सगळं नीट लिहिलेलं. पासवर्डाच्या जागी मात्र दोनच शब्द, 'सुनंदाला विचारणे'.

"मंग सांगा की, आत्या."

"फोनवर सांगत नसतेत, पोरी," मी म्हटलं. "येऊन राहिले मी."