होडी नव्हे, पाय

जखमेवर लाल दाणे दिसले की तुम्हीही ते घासून काढता का? जयगडच्या माझ्या मामांनी तळव्यावरचे काढले, होडी घासायच्या काथ्याने. मधुमेह जुना, पाय जायची वेळ आली होती.

ड्रेसिंगच्या सिस्टरांचं प्रत्येक वाक्य "काय हो"ने सुरू होतं.

"काय हो मामा, पाय आहे की होडी? ते दाणे म्हणजे नव्या रक्तवाहिन्या होत्या. प्राणवायू पुरेसा नसतो, तिथेही त्यांच्या पेशी नुसती साखर फोडून ऊर्जा काढतात नि पुढे सरकतात. तुम्ही त्याच खरवडल्यात!"

"मला वाटलं, होडीच्या बुडाला शिंपले चिकटतात तशी कालवं धरली."

सिस्टरांनी मामांकडून काथ्या मागून घेतला नि कपाटात कोंडला. जखम भरली, त्या दिवशीच परत दिला.

"काय हो, आता होडीलाच लावा."

घरच्या मधुमेह्यांचे तळवे आजच बघा. जखम दिसली तर घासू नका, दवाखान्यात न्या.