आत्याच्या अंगातली देवी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या आत्याचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि आता मुलांसाठी गोष्टी लिहितो. पण गोष्ट रचतात कशी, हे मी तिच्याकडून शिकलो.

मी चौथीत होतो. आई दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. वेणी नाही, बोलणं नाही, जेवली तर जेवली. बाबांचं ठरलं होतं, बाहेरचं लागलंय, ऊसतोडीला निघायच्या आत उतरवून घ्यायचं. नवरात्रासाठी आत्या परळीहून माहेरी आली होती. तिची शेजारीण अशीच पडून असायची आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी उठली होती. आत्यानं बाबांना हे सांगून पाहिलं.

"डोक्याचा डागदर? लोक काय म्हनतील?" म्हणत बाबा उठून गेले.

आत्यानं मला जवळ ओढलं. "तुझा बाप माझं ऐकत न्हाई, देवीचं ऐकंल. मी घुमाया लागले की इचार, माय, आईला कुठं न्यावं? हसलास तर बघ."

अष्टमीच्या आरतीला आईलाही उठवून माझ्याजवळ बसवलं होतं. आत्यानं केस सोडले आणि घुमायला लागली. सगळ्यांनी हात जोडले. मी ठरल्याप्रमाणे विचारलं.

"हिला आंबाजोगाईला न्या!" देवी गरजली.

बाबा लगेच म्हणाले, "नेतो माय! उद्याच वटी भराया नेतो."

देवी घुमायचीच थांबली. अंबाजोगाईला जोगाईचं देऊळ. तिथं न्या म्हटल्यावर माणूस आधी देवळातच जाणार, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"देवळात कावून?" ती ओरडली. "मी तर हितं आलेय! दवाखान्यात न्या, डोक्याच्या डागदराकडं! गोळ्या देईल त्या खाऊ घाला! आन् तू तंबाखू सोड!"

तंबाखूचं आमचं ठरलेलं नव्हतं. मी आईच्या पदरात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आईला दवाखान्यात नेलं. गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. थंडी सरता सरता एका सकाळी मात्र अंघोळ चुकवली म्हणून आईनं मला सणसणीत शिव्या घातल्या. मी आत्याला फोन लावून त्या जशाच्या तशा ऐकवल्या.

"आनखी एकदा सांग की," आत्या म्हणाली.

ही गोष्ट मी मुलांसाठी लिहिली आणि छापायला देण्याआधी आत्याला पाठवली. सोबत हे पत्र होतं:

आत्या,
पाया पडतो. गोष्टीच्या शेवटी मी 'आई कायमची बरी झाली' असं लिहिलं होतं. आईनं ते काढायला लावलं. म्हणाली, "मी आजून गोळी घेते. औंदा पुन्हा पडून होतेच की. ज्या लेकराची आई आज पडून हाय, त्याला खोटं कावून सांगतोस?" म्हणून खरं तेच ठेवलं.
तुझं खरं मात्र अवघड आहे. बाबा त्या देवीला अजून मानतात, आणि गोष्ट वाचून दाखव म्हणून माझ्या मागं लागलेत. मी एकटा वाचणार नाही. तू लवकर ये. बोलणी खायची तर दोघं मिळून खाऊ.
तुझा भाचा