आबांचा आजार
वांगी भाजल्याचा वास आला की मला धाकटा भाऊ आठवतो, कारण भरीत खाल्लं की तो पोट धरून बसायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तेव्हा मी त्याला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. ते डॉक्टर म्हणजे त्याच्या होणाऱ्या व्याह्यांचे जवळचे नातेवाईक. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला पोटाचा कॅन्सर? असला तर दुर्बीण घालून बघू, हे कधीकधी पिढीत उतरतं." धाकटा बोलणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "छे हो, आमच्या घरात सगळा मिरचीचाच आजार!" डॉक्टर हसले आणि अल्सरच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "भाऊ, आबा त्यामाच गयात ना?" आमचे वडील आबा पोटाच्या कॅन्सरनेच गेले होते. मी म्हणालो, "पोरनं लगीन व्हई जाऊ दे." लग्न थाटात झालं. पुढे दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा त्याचा कॅन्सर पसरला होता. इतक्या वर्षांनी काल दोंडाईच्याहून त्याच पुतणीचा फोन आला. तिचंही पोट जळतं. वडिलांचं तिला ठाऊक होतं, आजोबांचं मी पहिल्यांदाच सांगितलं, आणि दोघांचंही डॉक्टरांना सांग म्हणालो.  ती हळूच म्हणाली, "मोठे काका, सध्या पोरीसाठी स्थळं बघतोय. तेवढं जमू द्या, मग सांगते."