साड्यांच्या गादीवरची तालीम

नवी पेठेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात अक्कांच्या तोंडून गिऱ्हाइकासमोर 'नाही' निघालेलं मी कधी ऐकलं नाही. चाळीस साड्या उलगडायला लावून एखादी बाई तोंड वाकडं करून उठली, तरी अक्का हसून विचारायच्या, "अजून दाखवू?" मी नवीन लागले तेव्हा पहिला धडा त्यांनी हाच दिला. "न्हाय म्हनलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन बसतंय बघ." घरी कन्नड, दुकानात मराठी, दोन्हींत बाई सारखीच गोड.

एका संध्याकाळी दुकान सुटल्यावर, रिक्षा धरायला जाताना, बोळात एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना अडवलं. मनगट धरून म्हणाला, "रोज बघतोय तुला. ओरडलीस तर घर ठाऊक हाय." मागून माणसं आली म्हणून सुटल्या. दुसऱ्या दिवशी मनगटावर फुटक्या बांगड्यांचे ओरखडे होते. मालकांनी ते पाहिले आणि म्हणाले, "पोलिसात कशाला? दुकानाचं नाव येईल."

पण अक्का स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांच्या गल्लीतल्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायचे. त्या रांगेत पंचेचाळिशीच्या अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. दुपारी दुकान रिकामं असलं की त्याची उजळणी आमच्या पांढऱ्या गादीवर. "धर हात. पोरीवानी नको, गड्यावानी धर." मी धरायचे, त्या अंगठ्याच्या बाजूनं हिसका देऊन हात सोडवायच्या आणि मी लोडावर उताणी. पर्समध्ये तिखटाची पुडी आली, मुठीत किल्ली धरून चालणं आलं. फक्त जोरात 'नाही' ओरडणं काही केल्या जमेना. "नाही हो," असं काहीतरी लाडिक बाहेर पडायचं आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. ते दोन महिने मला खरंच वाटलं, ही बाई आता कुणाला भीत नाही.

दिवाळीच्या गर्दीत, भर दुपारी तो आला. बायकोला घेऊन. अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्योच की गं त्यो." तो मालकांच्या ओळखीचा निघाला, मालकांनी लगेच चहा मागवला. बायको गादीवर टेकत म्हणाली, "ताई, ती मोरपंखी दाखवा ना." अक्कांनी दाखवली. मग दुसरी, मग विसावी. तासभर. मी काय केलं? त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. निघताना तो हसून म्हणाला, "येतो हं, अक्का." आमच्या हाकांमधून त्यानं नाव उचललं होतं.

त्यानंतर अक्का कामावर आल्याच नाहीत. मंगळवेढ्याला बहिणीकडे निघून गेल्या. मी फोन केला तेव्हा त्यांनी आधी दुकानातल्या गर्दीचं विचारलं. मग म्हणाल्या, "सगळं येत हुतं गं मला. त्यो गादीवर येऊन बसल्यावर काय करायचं, ते कुनी शिकवलंच न्हाय." मला तो पाण्याचा ग्लास आठवला आणि स्वतःची किळस आली. पण हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

मी अजून तिथंच आहे. नोकरी सोडून घर कसं चालवू? त्याची बायको दर सणाला येते, तो शेजारी बसून चहा पितो आणि साड्या मी दाखवते. मागच्या वेळी त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं.