मोतीबिंदू आणि पाण्याची पाळी

आमच्या भागाला सगळे हद्दवाढ म्हणतात. सोलापूरची हद्द वाढवताना आसपासची गावं आत घेतली, म्हणून. नगराला नाव आहे, कमानही आहे, पण रिक्षावाल्याला हद्दवाढ म्हटल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं की तो यायला नको म्हणतो.

आईवडील आधी गिरणीच्या चाळीत राहायचे. गिरणी बंद पडली, चाळ सुटली, तेव्हा वडिलांनी इथं ज्वारीच्या रानात प्लॉट घेतला. "शहर हिकडंच सरकणार हाय," असं विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. सरकलं की! घरपट्टी आली, मंगल कार्यालयं आली, पोरांना पुण्याला पोचवणाऱ्या गाड्यांची टपरी आली. पाणी मात्र पाळीनं येतं, आणि पाळी कधी चुकेल ते देवही सांगू शकत नाही. कुणी वारलं तरी आज पाणी आहे का, हे आधी बघतात.

वडील गेल्यावर घरात आई आणि मी. गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली.

"त्या दिशी न्हाय जमायचं. पानी हाय," आई म्हणाली.

"मी भरतो की."

"तू मोटार लावतोस आन् मोबाईल बघत बसतोस."

पुढच्या तारखेलाही तेच. चहात मीठ पडत होतं, दाराची पायरी चुकत होती, तरी हिला पाणी! मी घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी दवाखान्यात फोन करून पुन्हा तारीख बदलून मागितली. तिथल्या बाई कारण ऐकून हसल्यासुद्धा नाहीत. "हद्दवाढ का?" एवढंच विचारलं आणि नवी तारीख दिली. मला त्याचाच जास्त संताप आला. अख्ख्या शहरानं डोळेसुद्धा पाण्याच्या पाळीवर सोडावेत आणि कुणाला त्यात काही वाटू नये!

त्या तारखेला मी तिचं काही ऐकलं नाही, ओढतच नेलं. ऑपरेशन नीट झालं. नेमकं त्याच दुपारी पाणी येऊन गेलं. शेजारणीनं आमचा हौद भरून ठेवला होता, तरी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पट्टी निघाल्यानंतर पाणी आलं तेव्हा ती नळाशी हजर. वाकू नकोस म्हणून मी ओरडतोय, आणि तिनं पांढरी बादली नळाखाली सरकवली. बादली भरत आली तशी ती आत निरखून बघू लागली. मग माझ्याकडं वळली.

"आपण हे असलं पिवळं पानी पीत हुतो व्हय रं?"

"ओतून दे," मी म्हणालो.

"वतून दिऊन मग काय पिऊ?"

तिनं फडकं दुहेरी केलं, हौदात सोडलेल्या पाइपच्या तोंडाला घट्ट बांधलं आणि मला मोटार लावायला सांगितली. मी लावली.