जे मी सभागृहात बोलले नाही

चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून उमेळ्याच्या रस्त्याला लागले होते, तेव्हा कार्मेलीनच्या भावाचा परदेशातून फोन आला. "जरा तिच्याकडे जाऊन ये गं, फोन उचलत नाहीये." दार आतून बंद होतं, शेजाऱ्यांनी फोडलं. ती झोपेतच गेली होती... त्याला आता पाच आठवडे होतील.

आम्ही दोघी शाळेत एका बाकावरच्या. मी इथेच शिक्षिका झाले. ती इंजिनिअर होऊन दक्षिणेत गेली, अग्निबाणांच्या इंधनटाक्या तपासायला. विभागात ती एकटीच बाई. एकदा टाकीच्या वेल्डिंगच्या एक्स-रेमध्ये तिला केसाएवढी रेघ दिसली. वरिष्ठ म्हणाले, फिल्मवरचा ओरखडा आहे, सही करा. तिने केली नाही. उड्डाण लांबलं, आणि कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी कोणी बसलं नाही. शेवटी टाकी कापून पाहिली. तडा खराच होता. पुढे गौरव झाला तो विभागप्रमुखांचा. "तू काहीच बोलली नाहीस?" मी विचारलं होतं. "टाकी फुटली नाही ना... बस," ती म्हणाली. पण त्यानंतर वर्षभर तिच्या पत्रांत कामाचा शब्द नव्हता.

निवृत्तीनंतर ती आईच्या घरी परतली. आई गेल्यावर एकटीच राहिली. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या सभागृहात तिचा सत्कार ठरला, तेव्हा तिच्याहून मीच जास्त हरखले. ती कडक इस्त्रीची साडी नेसून, भाषणाचा कागद घेऊन आली. निवेदक म्हणाले, "कार्मेलीनबाईंनी विमान कंपनीत नोकरी केली आणि लग्न न करता आईची सेवा केली." टाळ्या झाल्या, शाल झाली, आणि वेळ कमी म्हणून लगेच पुढचा कार्यक्रम. कागद तिने तसाच पर्समध्ये ठेवला. मी पहिल्या रांगेत होते... उठून दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं मला? चारचौघांत वाईट दिसेल म्हणून गप्प बसले. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "तुला तरी माहीत होतं गं."

त्या "तरी"चा अर्थ मी अजून लावतेय.

भावाने घराची किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. रविवारी जाऊन खिडक्या उघडते. टेबलावर एक्स-रेच्या फिल्म तपासायचं तिचं भिंग आहे. ते पुसताना कापड एकाच दिशेने फिरवावं, असा तिचा दंडक होता. मी तसंच पुसते. मग उभी राहून त्या खोलीला सांगते, कार्मेलीनने एक अग्निबाण वाचवला. आवाज वर्गात लागायचा तसा खणखणीत लागतो. ऐकायला कोणी नसतं.